झाडीपट्टीतील सेंद्रिय शेतीचा हिशेब

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते. परंतु शेतीच्या दृष्टीने पाहू गेल्यास या मुलुखाची खरी विभागणी सरकारी हुकुमाने नव्हे, तर जमिनीच्या जातीने फार पूर्वीच करून ठेवलेली आहे. पश्चिमेकडे वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या तालुक्यांत काळी जमीन असून तिच्यात कापूस, सोयाबीन आणि तूर पिकते. पूर्वेकडे मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, सावली या तालुक्यांत आणि वैनगंगा ओलांडल्यावर वडसा, आरमोरी, कुरखेडा, धानोरा, चामोर्शी या बाजूस जो झाडीपट्टी नावाचा प्रदेश लागतो, त्यात अरण्य आणि धानाच्या बांध्या एकमेकांत अशा गुंतलेल्या आहेत की एकाची हद्द कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते हे पटवाऱ्याच्या नकाशाखेरीज सांगता येऊ नये. विदर्भातील सेंद्रिय शेतीविषयी जे लिहिले व बोलले जाते ते बहुतांशी कापसाच्या अनुषंगाने. धानाच्या या मुलुखाचा विचार त्यात क्वचितच होतो. वस्तुतः सेंद्रिय शेती ही कशावर उभी असते, हे समजून घेण्यास झाडीपट्टीइतके चांगले स्थळ महाराष्ट्रात दुसरे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रासायनिक खते, कीटकनाशके आणि तणनाशके न वापरता, जमिनीतील सूक्ष्म जीवसृष्टीच्या बळावर पीक घेणे, अशी सेंद्रिय शेतीची ढोबळ व्याख्या करता येईल. या शेतीला शास्त्रीय रूप देण्याचे श्रेय सर आल्बर्ट हॉवर्ड यांना दिले जाते आणि ते यथायोग्यच आहे. तथापि १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत त्यांनी जी कंपोस्टची पद्धत सिद्ध केली, तिच्यावरील १९३१ सालच्या मूळ ग्रंथावर यशवंत वाड हे दुसरे नावही सहलेखक म्हणून छापलेले आहे, याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी ठेवलेली दिसत नाही. हॉवर्डसाहेबांनी हिंदुस्थानच्या रयतेला आपले गुरू मानले. त्यांच्याही अगोदर, १८८९ साली, जॉन ऑगस्टस फोल्कर नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हिंदी शेतीच्या पाहणीसाठी सरकारकडून येथे पाठविले गेले होते, आणि १८९३ च्या आपल्या अहवालात त्यांनी निष्कर्ष काढला तो असा की, येथील कास्तकार अडाणी नाही. त्याला सरपण मिळत नाही म्हणून तो शेण जाळतो, आणि शेण जळते म्हणून शेताला खत मिळत नाही. यास्तव जंगलांची व्यवस्था शेतीच्या गरजा, म्हणजे सरपण आणि चारा, ध्यानात घेऊन करावी, अशी त्यांनी शिफारस केली. शेताची सुपीकता शेताच्या बाहेर ठरते, हा या अहवालाचा मथितार्थ चांदा (म्हणजे चंद्रपूर) जिल्ह्यास जितका लागू पडतो तितका क्वचितच कोठे लागू पडत असेल.

या मुलुखात सुपीकतेचे जे जुने चक्र होते त्याचे स्वरूप थोडे विस्ताराने पाहणे अवश्य आहे. गावाच्या वरच्या अंगाला जंगल, त्याच्या पायथ्याशी तलाव, तलावाच्या पाळीखाली उतरत्या क्रमाने बांध्या आणि एका बाजूला गुरे गोळा करण्याचे आखर, अशी येथील गावाची रचना. गोंड राजांच्या अंमलात, जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन देण्याची रीत होती, असे परंपरा सांगते. आणि तलाव बांधण्याच्या विद्येत कोहळी समाजाचा हात धरणारा कोणी नव्हता. पावसाळ्यात जंगलातून वाहत येणारे पाणी पालापाचोळ्याचा कुजलेला अंश घेऊन तलावात उतरे, तेथे तो गाळाच्या रूपाने बसे, आणि उन्हाळ्यात तलाव आटला की तोच गाळ बंडीत भरून बांधीत नेऊन टाकला जाई. गुरे दिवसभर जंगलात चरत आणि संध्याकाळी जंगलातील सत्त्व शेणाच्या रूपाने गोठ्यात आणून टाकत. म्हणजे गाळाच्या वाटेने एक आणि गुरांच्या वाटेने दुसरे, असे जंगलाचे दोन प्रवाह धानाच्या बांधीत दरसाल येऊन मिळत असत; आणि या दोहोंवर कोणा एका कास्तकाराची मालकी नसून गावाची वहिवाट होती. इंग्रजी अमदानीत बंदोबस्त झाला तेव्हा जंगलातून सरपण, चारा आणि लाकूडफाटा घेण्याच्या या वहिवाटी निस्तार हक्क म्हणून वाजिब-उल-अर्ज नावाच्या दप्तरात नोंदल्या गेल्या, आणि त्या नोंदी आजही महसूल कचेऱ्यांत पाहावयास मिळतात.

हे चक्र एकाएकी मोडले नाही. राखीव जंगलांच्या कायद्याने चराईवर निर्बंध आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली, ही गोष्ट न्यायाचीच होती. पण तिच्याबरोबर तलाव सरकारजमा झाले आणि ज्यांच्या देखरेखीखाली पाळ बांधली जाई, गाळ निघे, ती गावकीची व्यवस्थाही हळूहळू विसरली गेली. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव पूर्व विदर्भात आहेत. त्यांतील पुष्कळांची साठवण गाळाने घटली आहे. नंतर ठेंगणी, खताला भरभरून प्रतिसाद देणारी धानाची वाणे आली, युरिया आला, ट्रॅक्टर आला, बैलजोडी कमी झाली आणि तिच्याबरोबर उकिरडाही आटला. युरियाने शेणखताला हुसकावून लावले असे म्हणण्याची प्रथा आहे. ते अर्धसत्य आहे. शेणखताची जागा रिकामी पडत होती म्हणूनही युरिया इतक्या सहजतेने येऊन बसला.

या विधानाची सत्यता आकड्यांत ताडून पाहण्यासारखी आहे. धानाच्या सुधारित वाणास हेक्टरी सुमारे १०० किलो नत्राची शिफारस केली जाते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे साधारण २१ किलो नत्र असते; तेव्हा पाच पोती टाकली की काम झाले, आणि अनुदानामुळे ती स्वस्तही पडतात. चांगल्या शेणखतात नत्राचे प्रमाण अर्धा टक्का धरले, तर तेवढ्याच नत्रासाठी २० टन खत हवे. बंडीत ५ क्विंटल मावते असे धरल्यास ४० बंड्या. एक जनावर दिवसाला १० किलो शेण देते असे मानले तर वर्षाचे साडेतीन टन होते, पण त्यातील निम्मे चराईच्या रानात पडते आणि उरलेले कुजताना आणखी घटते. म्हणजे एका जनावरामागे टनभर खत हाती आले तरी पुष्कळ झाले. दोन एकरांच्या धनी असलेल्या कास्तकाराने पंधरा-सोळा गुरे पाळावीत, असा सल्ला त्याला देण्याचे धाडस कोणी करणार नाही. जे वक्ते सभेत उभे राहून सेंद्रिय शेतीला खर्चच येत नाही असे ठासून सांगतात, त्यांनी हा त्रैराशिकाचा प्रश्न एकदा सोडवून पाहावा.

परंतु या आकड्यांवरून सेंद्रिय शेती अशक्य आहे असा निष्कर्ष काढणे तितकेच उतावळेपणाचे होईल. कारण नत्र केवळ शेणातूनच आले पाहिजे, असा सृष्टीचा नियम नाही. विदर्भाने या बाबतीत स्वतःची भर घातलेली आहे. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणत, यांनी शेणाच्या टंचाईवर तोड काढणारी कंपोस्टची पद्धत शोधली आणि ती त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांनीच देशभर ओळखली जाते. साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे विटांचे टाके, ज्याच्या भिंतींत हवा खेळावी म्हणून मुद्दाम झरोके ठेवलेले असतात, त्यात १४-१५ क्विंटल काडीकचरा, १७-१८ क्विंटल चाळलेली माती आणि अवघे १०० किलो शेण यांचे थर रचून, प्रत्येक थर पाण्याने भिजवून, वरून शेणमातीने लिंपून टाकावयाचे. तीन-चार महिन्यांत सुमारे ३ टन खत तयार होते. या ३ टनांत माती किती, असा खवचट प्रश्न येथे विचारता येईल आणि तो योग्यही आहे. तथापि शंभर किलो शेणाच्या विरजणावर पंधरा क्विंटल कचरा कुजविता येतो, ही गोष्ट लहान नव्हे. झाडीपट्टीत तणसाचे ढीग आणि जंगलाचा पालापाचोळा या दोहोंची वाण नाही.

बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांचे जीवामृत हे याच विरजणाच्या कल्पनेचे पुढचे टोक म्हणता येईल: १० किलो शेण, तेवढेच किंवा निम्मे गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती २०० लिटर पाण्यात कालवून एकरभर जमिनीला द्यावयाची. याने जमिनीला अन्न मिळते असे नव्हे. अन्न शिजविणारे सूक्ष्मजीव वाढतात, असा त्यांचा दावा आहे. तो मान्य केला तरी ज्या जमिनीत शिजवावयास काही उरलेलेच नाही तेथे त्या जीवांनी करावे काय, हा प्रश्न राहतोच.

धानाच्या बांधीची एक खासियत मात्र अशी आहे की ती आपल्या नत्राचा काही भाग स्वतःच कमावते. साचलेल्या पाण्यावर जे निळे-हिरवे शेवाळ धरते ते हवेतील नत्र स्थिर करते, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने १९३९ साली सिद्ध केले. आणि शतकानुशतके खत न घालताही धानाच्या जमिनी थोडेबहुत का होईना पिकत कशा राहिल्या, या कोड्याचा बराचसा उलगडा त्यातून झाला. रोवणीपूर्वी धैंचा किंवा बोरू पेरून तो फुलावर येताच चिखलात गाडणे, धुऱ्यावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीत तुडविणे, हे उपाय याच मार्गातले. सर्वांत सुंदर रीत मात्र खुद्द येथल्या शेतकऱ्यांचीच आहे. धान कापणीला दोन-तीन आठवडे उरले असताना, बांधीत अजून ओल असते तोवर, उभ्या धानातच लाखोळीचे बी फेकून देतात. धान कापून नेले जाते तेव्हा त्याच्या धसकटांत लाखोळीचे कोवळे रोप उभे असते, आणि नांगर न लावता, खत न घालता, उरल्या ओलीवर ते पीक हिवाळ्यात हाती येते व मुळांवरील गाठींतून जमिनीला नत्र देऊन जाते. लाखोळीत मज्जातंतूंना अपाय करणारे एक विष असते आणि दुष्काळात केवळ तिच्यावरच गुजराण केलेल्यांचे पाय लुळे पडल्याची उदाहरणे इतिहासात आहेत, म्हणून ती बदनाम झाली. परंतु रायपूरच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘प्रतीक’सारख्या वाणांत त्या विषाचे प्रमाण पुष्कळच कमी आहे.

खतांकडून किडींकडे वळल्यास सेंद्रिय शेतीची बाजू अधिक बळकट होते. धान निसवण्याच्या सुमारास, बाहेरून शेत हिरवेगार दिसत असता मध्येच परातीएवढे वर्तुळ पिवळे पडून जळाल्यासारखे होते, चार दिवसांत ते खळ्याएवढे वाढते, आणि बुंध्याशी वाकून धान बाजूला सारले तर पाण्यालगत तपकिरी तुडतुड्यांचा थर बसलेला आढळतो. २०१७ च्या खरिपात या मावा-तुडतुड्याने पूर्व विदर्भात इतका कहर केला की कपाशीवरील बोंडअळीच्या जोडीने धानाच्या नुकसानीसाठीही सरकारला मदत जाहीर करावी लागली. ही कीड जितकी निसर्गाची तितकीच माणसाच्या हाताचीही कमाई आहे: युरियाचा हात सैल सुटला की धानाचा बुंधा लुसलुशीत होतो आणि तो तुडतुड्यांना मानवतो, दाट रोवणीने बुंध्याशी वारा खेळत नाही, आणि घाबरून केलेल्या पहिल्याच फवारणीत कोळी आणि मिरिड ढेकूण हे तुडतुड्यांचे नैसर्गिक शत्रू आधी मरतात, ज्यानंतर तुडतुडे दुपटीने फिरून येतात. इंडोनेशियाने हा अनुभव देशव्यापी प्रमाणावर घेतला आणि १९८६ साली राष्ट्राध्यक्षांच्या फर्मानाने धानावरील ५७ कीटकनाशकांवर एकदम बंदी घातली. त्यानंतर भाताचे उत्पादन कोसळले नाही. पट्टे सोडून रोवणी करणे, बांधीतील पाणी मधूनमधून काढणे, पाच टक्के निंबोळी अर्क फवारणे, पक्षी बसावेत म्हणून मचाणवजा काठ्या रोवणे, एवढ्यावरही पुष्कळदा निभावते, आणि औषधाच्या दुकानातील उधारी वाचते ती वेगळीच.

कापसाच्या बाजूस हा प्रश्न याहून विषम आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले, तेव्हा कीटकनाशकांची चर्चा पिकापलीकडे जाऊन माणसापर्यंत पोहोचली. परंतु सेंद्रिय प्रमाणपत्रास जनुकीय बदल केलेले बियाणे चालत नाही, आणि २००२ पासून बीटी कापसाने बाजारपेठ अशी व्यापली आहे की साधे सरकी बियाणे मिळविणे हेच मोठे काम होऊन बसले आहे. धानाला ही अडचण नाही. नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्याचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली दीड एकराच्या शेतात पटेल-३ या वाणातील निराळ्या लोंब्या हेरून, त्यांचे बी वर्षानुवर्षे निवडून एचएमटी हे नामांकित वाण सिद्ध केले, यावरून येथील कास्तकाराच्या दृष्टीची साक्ष पटते. दादाजी ३ जून २०१८ रोजी वारले. त्यांचे एचएमटी आज युरियाच्या जोरावरही भरपूर पिकविले जाते हे खरे. परंतु बी घरचे असणे ही सेंद्रिय शेतीची पहिली अट असेल, तर ती येथे कधीच पुरी झालेली आहे.

देशपातळीवर या शेतीची वाढ गेल्या पंचवीस वर्षांतील आहे. २००१ साली निर्यातीच्या दृष्टीने राष्ट्रीय प्रमाणीकरणाचे नियम ठरले, २०१५-१६ मध्ये परंपरागत कृषी विकास योजनेने शेतकऱ्यांचे गट बांधण्यास आरंभ झाला, जानेवारी २०१६ मध्ये सिक्कीम हे संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषित झाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानास २,४८१ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. सेंद्रिय उत्पादकांच्या संख्येत भारत जगात पहिला आहे. सहभाग हमी पद्धत नावाची जी प्रमाणीकरणाची रीत यातून रूढ झाली ती विशेष लक्षणीय वाटते, कारण तीत परक्या तपासनिसाऐवजी किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची पाहणी करून एकमेकांसाठी जामीन राहतो.

लाभाचा विचार करताना अतिशयोक्तीपासून दूर राहणे बरे. जगभरच्या तुलनात्मक अभ्यासांचा सरासरी निष्कर्ष असा की सेंद्रिय शेतीचे उत्पन्न रासायनिक शेतीपेक्षा पाचव्या ते चौथ्या हिश्शाने कमी भरते. अर्धवट कुजलेला पाला साचलेल्या पाण्यात टाकला तर मिथेन वायू अधिक सुटतो, हेही खरे. आणि श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद करून भातपिकाची जी दुर्दशा करून घेतली, ती पाहता त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तो निर्णय मागे घेणे तिला भाग पडले. याच्या उलट बाजूस जमा आहे ती अशी: जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढला की ती पाणी अधिक धरते आणि पावसाने दडी मारली तरी धान आठवडाभर अधिक तग धरते, बांधीतील मासे, खेकडे आणि रानभाज्या, ज्यांच्यावर गरिबांच्या घरचे कोरड्यास अवलंबून असते, त्या पुन्हा दिसू लागतात, आणि रोख खर्च घटल्याने सावकाराचे दार कमी वेळा ठोठवावे लागते. मात्र आधारभूत खरेदी केंद्रावर धान नेले असता तेथे ‘अ’ दर्जा आणि साधारण एवढेच दोन प्रकार ओळखले जातात. विषाविना पिकविलेल्या धानाला एक पैसाही अधिक मिळत नाही. कमी उतारा आणि तोच भाव, हे ओझे एकट्या शेतकऱ्याच्या माथी टाकून त्याने निष्ठेने सेंद्रिय शेती करावी, अशी अपेक्षा बाळगणे अन्यायाचे आहे.

या जिल्ह्यांच्या दक्षिणेकडे, भामरागड आणि एटापल्लीच्या डोंगराळ भागांत, माडिया गोंडांची शेती रासायनिक खतांना आजही फारशी शिवलेली नाही; तिला सेंद्रिय करण्याची नव्हे, तर आहे तशी मान्यता देण्याची गरज आहे. अशी मान्यता देण्याची तरतूद अस्तित्वात आहे: परंपरेनेच सेंद्रिय असलेल्या सलग प्रदेशाला एकत्रित प्रमाणपत्र देण्याच्या योजनेखाली अंदमान-निकोबारमधील कार निकोबार आणि नानकौरी या बेटांची १४,४९१ हेक्टर जमीन प्रमाणित झालेली आहे. उत्तरेकडे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्याने मिळालेल्या गावांपैकी हे एक; त्यानंतर गडचिरोली जिल्हा या बाबतीत देशात अग्रभागी राहिला. ज्या जंगलाचे व्यवस्थापन आता कायद्याने ग्रामसभेकडे आले आहे, त्याच जंगलाचा पाला आणि चराई पूर्वी बांधीला पोसत होती. म्हणजे मोडलेल्या चक्राचा अर्धा भाग गावाच्या हाती परत आलेला आहे. दुसरा अर्धा भाग तलावाचा.

म्हणून ज्यांच्या हाती या योजनांची कलम आहे त्यांच्यापाशी एवढीच मागणी करावीशी वाटते की, सेंद्रिय शेतीचे अनुदान सातबारा पाहून एकेकट्या खातेदाराला डबे, ड्रम आणि बाटल्यांच्या रूपाने वाटण्याऐवजी ते ग्रामसभेच्या नावे द्यावे, आणि त्यातला पहिला खर्च मामा तलावाचा गाळ काढून तो बांध्यांत पोहोचविण्यावर पडावा. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही राज्य सरकारची योजना २०१७ साली सुरू झाली. तिची आणि सेंद्रिय शेतीच्या योजनेची सांगड घालण्यास नवा कायदा लागत नाही.